कात्री, कार्ट्रिज आणि शिरोरेखा

मेकॅनिकलची पोरगी मशीनवर लिहिणार म्हटलं की लोकांना लेथ, मिलिंग, गेला बाजार बुलेट तरी अपेक्षित असते. मी लिहिणार आहे कागद कापायच्या मशीनवर. हसा! पण आमच्या घरात गेली काही वर्षं या मशीनवर जेवढ्या बैठका झाल्या, तेवढ्या माझ्या अ‍ॅडमिशनवरही झाल्या नसतील.

आधी पात्रपरिचय. इलेक्ट्रॉनिक डाय-कटिंग मशीन म्हणजे दिसायला साधारण प्रिंटरच. फक्त शाईच्या जागी इवलंसं पातं. कागद एका चिकट मॅटवर बसवायचा, रोलर ती मॅट पुढे-मागे सरकवतात, पातं डावी-उजवीकडे पळतं, आणि दोन्ही मिळून वाट्टेल तो आकार कापतात. खरं म्हणजे यात ‘डाय’ नसतेच! पूर्वी लोखंडी साचा कागदावर ठेवून दाबायचे, तेव्हापासून नाव चिकटलंय ते चिकटलंय. साचा म्हणजे बिस्किटं पाडणं आणि हे म्हणजे शंकरपाळ्याचं कातणं फिरवणं, एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे.

पात्यात मात्र गंमत आहे. त्याला वळवायला वेगळी मोटर नसते. ते बेअरिंगमध्ये मोकळं फिरतं आणि त्याचं टोक मधल्या अक्षापासून किंचित बाजूला असतं, त्यामुळे मॉलच्या ट्रॉलीचं पुढचं चाक जसं आपोआप चालीच्या दिशेने वळतं तसं पातं वळतं. आता काटकोनात वळायचं तर टोक मागे रेंगाळणार आणि कोपरा गोल होणार. म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक कोपऱ्याशी पात्याला जरा पुढे नेऊन वळवतं. ओरलला विचारण्यासारखा प्रश्न आहे, पण सरांना सुचवू नका.

आमच्या घरी ही बला आली ती आत्यामुळे. आत्या न्यू जर्सीत असते. तिकडे फोटोंचे अल्बम कागदी फुलापानांनी सजवायचा, ‘स्क्रॅपबुकिंग’चा, मोठाच छंद आहे. आत्याने २००८ साली क्रिकट कंपनीचं ‘एक्स्प्रेशन’ घेतलं. २०१५ मध्ये त्याच कंपनीचं ‘एक्सप्लोर’ आलं, तसं जुनं बॅगेत घालून आमच्याकडे. (पुढे तिने ‘मेकर’ही घेतलं. आत्याच्या घरी मशीन बदलतं ते बिघडलं म्हणून नाही, नवीन आलं म्हणून.) अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं बाबांनी दोनदा वाचलं, देवाला नमस्कार केला आणि बटण दाबलं. चाललं!

एक्स्प्रेशनला कॉम्प्युटर लागत नाही. व्हिडिओ गेमसारखी कार्ट्रिज खुपसायची, कीबोर्डवर त्या कार्ट्रिजचं रबरी आवरण पसरायचं, चित्र निवडायचं, आकार ठरवायचा, कट. एका कार्ट्रिजमध्ये एक फाँट, नाहीतर एका विषयाची चित्रं. म्हणजे मशीन एकदा घ्यायचं आणि अक्षरं आयुष्यभर विकत घेत राहायची. धंदा म्हणून डोकं मानायला हवं! आत्याने सहा कार्ट्रिज दिल्या. आई बालवाडीत शिकवते. दोन दिवसांत शाळेचा फळा फुलपाखरांनी भरला. तिसऱ्या दिवशी आईने विचारलं, “यात ‘स्वागतम्’ कुठून काढायचं?”

कुठूनच नाही. सहाही कार्ट्रिजमध्ये फक्त ए टू झेड. देवनागरीचं एक अक्षर नाही.

यावर कधीकाळी उपाय होता, हे मला नंतर वाचताना कळलं. ‘शुअर कट्स अ लॉट’ आणि ‘मेक द कट’ नावाची दोन सॉफ्टवेअर अशी होती की कॉम्प्युटरवरचा कुठलाही फाँट क्रिकटवर कापता यायचा, कार्ट्रिजची गरजच नाही. मूळ कंपनी प्रोव्हो क्राफ्टने दोघांवर दावे लावले, तडजोडी झाल्या आणि दोघांनी क्रिकटचा आधार काढून टाकला. मोटर तीच, पातं तेच. ‘क’ कापायला त्यांची ना नव्हती. परवानगी नव्हती!

मग आईने मधला मार्ग काढला. फुलं, चौकटी, नक्षी मशीनवर आणि मराठी अक्षरं हाताने, क्राफ्टच्या ब्लेडने. २०१८ पर्यंत हे निभावलं. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिक-थर्माकोलबंदी आली आणि गणपतीच्या सजावटीसाठी सवलत मागायला गेलेल्यांना उच्च न्यायालयानेही दिलासा दिला नाही. त्या वर्षी आमच्या सोसायटीला आईची आठवण झाली. कार्डशीटचं मखर, पुढे ‘मंगलमूर्ती मोरया’. पुढच्या वर्षी शेजारच्या दोन सोसायट्या. मग बारशी, मुंजी, दारावरच्या पाट्या. पगाराबाहेर आईच्या हातात स्वतःचे म्हणावे असे पैसे पहिल्यांदा आले, आणि त्याचबरोबर उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखणं आलं. डॉक्टर म्हणाले, ब्लेड बंद. आई म्हणाली, बघू. म्हणजे बंद नाही.

तेव्हा नवीन मशीनचा विषय निघाला. नवं घ्यायचं तर पंचवीस-तीस हजारांच्या गोष्टी. आईच्या भिशीचे दहा हजार होते. म्हणजे सेकंडहँड. आणि माझी नेमणूक झाली, कारण “तू इंजिनीअर आहेस ना?” (तेव्हा मी एफईला होते आणि वर्कशॉपमध्ये फायलिंग करत होते.)

मी काय बघितलं? वेग नाही, ब्लूटूथ नाही. किल्ली कुणाच्या हातात आहे ते बघितलं. क्रिकटच्या नव्या मशीनना कार्ट्रिज लागत नाही, आपलं डिझाइन चढवता येतं. पण ते सगळं कंपनीच्या ‘डिझाइन स्पेस’मधून, खातं उघडून. आणि मार्च २०२१ मध्ये याच कंपनीने जाहीर केलं होतं की फुकट खात्यावरून महिन्याला वीसच डिझाइन चढवता येतील, पुढे पैसे भरा. लोक असे भडकले की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. मागे घेतला, चांगलंच झालं. पण पैसे देऊन घरात आणलेल्या मशीनच्या अटी मागाहून बदलता येतात, एवढं तर दिसलं. ऐन गणपतीत आईची एकविसावी पाटी अडली तर कुणाकडे जायचं?

म्हणून सिल्हूट कॅमिओ. जपानच्या ग्राफटेकची ही उपकंपनी. सॉफ्टवेअर आपल्या कॉम्प्युटरवर बसतं, नेट नसलं तरी चालतं आणि कॉम्प्युटरवर असलेला फाँट कापता येतो. शिवाय २०१९ मध्ये कॅमिओ ४ आलं, तेव्हापासून हौशी मंडळी कॅमिओ ३ काढायला लागली होती. आत्यासारखी माणसं जगात आहेत म्हणून आपल्यासारख्यांचं भागतं!

२०२२ मध्ये कोथरूडला एक मिळालं. सांगितले सतरा हजार. मी घरून कार्डशीट, सेलोटेप आणि टॉर्च घेऊन गेले. इथे तुमच्या उपयोगाचं सांगते. विकणारा स्वतःच्या डिझाइनवर मशीन चालवून दाखवेल, ते बघून भुलू नका. एकाच मापाचे बारीक चौकोन आख्ख्या रुंदीभर कापायला लावा. सगळीकडे सारखंच फाटलं तर पातं गेलंय, स्वस्तात येतं. चौकोनाची सुरुवात आणि शेवट जुळत नसेल तर पात्याच्या घरात खेळ आहे किंवा मॅट सरकतेय. आणि दर वेळी एकाच उभ्या पट्ट्यात कापत नसेल, तर पात्याखाली जी पांढरी पट्टी असते तिला तिथे चर पडलाय. आमच्या मशीनला डावीकडे नेमका तसाच चर होता. मालक एकाच मापाची लेबलं वर्षानुवर्षं त्याच कडेला कापत असणार. पट्टी बदलता येते, हे मला माहीत होतं, मालकांना नव्हतं. साडेचौदा हजार. वरचे साडेचार हजार बाबांनी दिले, उसने म्हणून, डायरीत लिहून.

घरी आणलं, आईने हौसेने ‘गणपती’ टाइप केलं आणि कापलं. कागद उचलला तर चार तुकडे!

चूक मशीनची नव्हती. इंग्रजी अक्षरं सुटी असतात. आपली शिरोरेखेला लटकतात. पडद्यावर ती रेघ सलग दिसते, पण फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापला रेघेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्यावर जरासं चढतं. छापताना काळ्यावर काळं, कळत नाही. पातं मात्र प्रत्येक अक्षराची हद्द इमाने इतबारे कापतं. तेव्हा आधी सगळी अक्षरं एकजीव करावी लागतात. आम्ही इंकस्केपमध्ये लिहितो, त्याचा पाथ करतो, युनियन मारतो, डीएक्सएफ करून कॅमिओकडे पाठवतो. आईने ही क्रिया वहीत ‘वरणाला फोडणी’ लिहावी तशी लिहून ठेवलीय.

तरी एक भानगड उरतेच. ग, ण आणि श यांचा काना खालून कशालाच जोडलेला नसतो, नुसता शिरोरेखेवर टांगलेला. म्हणजे चक्क कँटिलिव्हर! रेघ बारीक असली की मॅटवरून सोडवताना काना मान टाकतो. फाँट जाडच हवा. एक टाइपचा ‘बालू’ फुकट मिळतो आणि चांगला जाड आहे, आमचं निम्मं दुकान त्यावर चालतं. आणि ‘मंगलमूर्ती’वरचा अनुस्वार हा स्वतंत्र नागरिक असल्यामुळे तो हमखास मॅटवर राहतो. पाटी बाजूला ठेवायच्या आधी मॅटवर टिंब शोधायचं, हा आमच्या घरचा नियम आहे. सगळं यावर होतं असंही नाही. मशीनचा दाब २१० ग्रॅम. कार्डशीट ठीक, पण मखराचे जाड पुठ्ठे अजून बाबाच कापतात, कुरकुरत.

आता उरलं एक्स्प्रेशन. ते विकून बाबांची उसनवारी फेडायची होती. जाहिरात टाकली, सहा हजार. पहिला फोन आला तो जुनी मशीन घेऊन विकणाऱ्या एका गृहस्थांचा. सहा हजार कबूल, घासाघीस नाही. फक्त म्हणाले, “कार्ट्रिज नव्या मशीनलाही चालतात असं लिहा, बाकी मी बघतो.”

तर त्या चालत नव्हत्या. कार्ट्रिज नव्या मशीनवर वापरायची तर आपल्या खात्याला जोडावी लागते आणि ती एकाच खात्याला, एकदाच जोडता येते. आत्याने एक्सप्लोर घेतल्यावर सहाही आपल्या खात्याला जोडल्या होत्या. जुन्या मशीनमध्ये खुपसल्या तर त्या मुकाट्याने चालतात, पण पुढचा मालक उद्या नवं मशीन घेईल तेव्हा त्याच्या हातात सहा प्लॅस्टिकचे ठोकळे. कॉम्प्युटरवरून एक्स्प्रेशन चालवायचा कंपनीचा ‘क्राफ्ट रूम’ हा मार्गही २०१८ मध्ये बंद झाला होता.

मी आईला म्हटलं, ते गृहस्थ पुढे काय सांगतात ते त्यांच्यापाशी, आपण काही लिहायला नको. आई मॅट धूत होती. भांड्यांच्या साबणाने हलकेच धुऊन वाळवली की चिकटपणा बराच परत येतो. मान वर न करता म्हणाली, “लिहायला नको कसं? तेच लिही. पहिल्या ओळीत.”

लिहिलं. फोन बंद पडले. तीन आठवडे कुणी नाही. बाबा डायरी उघडून नुसते बसायचे, बोलायचे काही नाहीत. मग वाईजवळच्या एका अंगणवाडीच्या बाई एसटीने आल्या. आईने सगळं चालवून दाखवलं, फुलपाखरू, पान, चौकट. बाईंनी पान उन्हात धरून बघितलं. मग अगदी आईनेच विचारला होता तो प्रश्न. “ताई, मराठी अक्षरं येतात का हो यात?”

“नाही येत,” आई म्हणाली. “येणारही नाहीत. नव्या मशीनलाही या चालायच्या नाहीत. आणि अडॅप्टरची वायर पिनेपाशी जरा सैल आहे.”

मी मनात म्हटलं, झालं, गेल्या बाई! बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, अक्षरं मी हाताने कापीन, पोरांना फुलपाखरं पुरेत, पण चारच आणलेत. चार हजारांत सौदा झाला. आईने वर रंगीत कार्डशीटचा गठ्ठा दिला आणि मी पात्याचा दांडा टेपने बांधून मशीन जुन्या साडीत गुंडाळून दिलं. बाबांच्या डायरीत पाचशे रुपये अजून बाकी आहेत आणि ते अधूनमधून त्याचा उल्लेख करतात.

बाईंचा मागच्या आठवड्यात फोन आला होता. मशीन छान चालतंय, पण ती वायर अखेर गेली. तपकीर गल्लीत दोन दुकानांत विचारलं, नेमक्या त्या पिनेचा मिळाला नाही. तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, कुणाकडे १८ व्होल्ट डीसीचा चांगल्यापैकी अँपिअरचा अडॅप्टर पडून असेल, तर मला गाठा. टीई मेकॅनिकल, दुपारी दोननंतर वर्कशॉपच्या कट्ट्यावर. पिन मी जोडून घेईन.