उघडीप पडली म्हणून पाण्यात उतरू नका

आखाड लागला की आमच्या कोल्हापूर भागात घरोघर एकच विषय निघतो. श्रावणात बहुतेक घरी मटण-मासळी बंद, तेव्हा त्याआधी हौस भागवून घ्यायची. नेमके त्याच दिवसांत नदीला तांबडे पाणी आलेले असते आणि मासा चढणीला लागलेला असतो. शेतात वाफसा नाही, कोळपणी थांबलेली, दोन-तीन दिवस पोरे घरात कोंडलेली. मग जरा उघडीप पडली की जाळे, गळ आणि एखादा डबा घेऊन ती नदी गाठतात. चढणीच्या माशाचे कालवण ज्याने खाल्ले आहे त्याला ती ओढ समजावून सांगायला नको.

पण शेतकरी बंधूंनो, ज्या उघडिपीच्या भरवशावर आपण नदीत उतरतो ती आपल्या गावापुरती असते. नदीचे पाणी मात्र गावच्या पावसाचे नसते. पंचगंगेचेच पाहा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचे पाणी तिला मिळते आणि ते येते घाटाकडून. गगनबावड्याला शिरोळच्या कितीतरी पट पाऊस पडतो. तिकडे रात्री कोसळलेला पाऊस खालच्या गावांना काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी भेटतो. तेव्हा खाली लख्ख ऊन पडलेले असू शकते.

त्यात धरणाचे पाणी वेगळेच. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. दिवस असो वा मध्यरात्र. एका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी बाहेर पडते. म्हणजे सुमारे ४० हजार लिटर, वजनाने ४० टन. कारखान्याच्या काट्यावर ज्याने ऊस मोजून दिला आहे त्याने मनातल्या मनात हिशेब करावा. एका दरवाजातून दर सेकंदाला एवढे वजन सुटते, आणि असे दोन-चार दरवाजे एकाच वेळी उघडलेले असतात.

वर्तमानपत्रात आपण राजाराम बंधाऱ्याची पातळी वाचतो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. त्यामुळे पातळी तीस फूट आहे असे वाचले की माणूस निर्धास्त होतो. पण हे आकडे गावे आणि रस्ते पाण्याखाली जाण्याचे आहेत. मासे धरणाऱ्याला ओढून न्यायला एवढे पाणी लागत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. एरवी ज्या जागी आपण गुडघाभर पाण्यात आरामात उभे राहतो, तिथेच वेग वाढल्यावर पाय टिकत नाहीत.

२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. नदीकाठच्या एका गावातली तीन चुलत भावंडे बंधाऱ्याखाली मासे धरायला गेली होती. थोरला तेवीस वर्षांचा, पट्टीचा पोहणारा. त्याने जाळे फेकले. सवयीप्रमाणे जाळ्याची दोरी मनगटाला गुंडाळलेली होती. वरून वाहत आलेल्या ओंडक्याला जाळे अडकले आणि ओंडक्याबरोबर तोही गेला. धाकटा त्याच्यामागे पाण्यात शिरला, त्याच्या हाताला करंजाची फांदी लागली म्हणून तो वाचला. थोरला दोन दिवसांनी खालच्या गावच्या उसात सापडला. पुढे दिवाळीच्या सुमाराला सोयाबीनच्या नुकसानीच्या कागदांसाठी मी त्या घरी गेलो होतो. मी काही विचारले नव्हते, तरी त्याची आई चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाली, "साहेब, पाऊस नव्हता हो त्या दिवशी. चांगलं ऊन पडलं होतं." पुढे ती काही बोलली नाही, आणि मलाही बोलता आले नाही.

म्हणून आभाळ पाहून नदीत उतरायचे नाही. पाहायचे ते पाणी. पिढ्यान्‌पिढ्या नदीवर पोट भरणारी भोई मंडळी काय करतात ते मी अनेकदा पाहिले आहे. काठावर आले की आधी पाण्याच्या कडेला एक काठी रोवतात, मग विडी ओढत बसतात. काठी पाण्यात जाऊ लागली की जाळे न उघडताच परत फिरतात. पाणी एकदम जास्त गढूळ झाले, पालापाचोळा, फेस, काटक्या वाहत येऊ लागल्या, पाण्याचा आवाज बदलला, तर वरून लोंढा येतो आहे असे समजावे आणि सामान तिथेच टाकून वर यावे. जाळे पुन्हा विणता येते.

पाणी उतरू लागले म्हणजे धोका टळला असेही नाही. उलट काठाचा धोका तेव्हाच वाढतो. आठ-दहा दिवस पाण्यात राहिलेली काळी माती पाणी पिऊन जड झालेली असते. नदी भरलेली असताना पाण्याचाच तिला बाहेरून आधार असतो. पाणी झपाट्याने उतरले की तो आधार जातो आणि वरून धडधाकट दिसणारा काठ खालून सुटतो. अशा काठाला लांब भेग दिसली तर तिच्या पलीकडे पाऊल टाकू नये. नदीकाठच्या मोटारींच्या वायरी आणि पेट्याही पाण्यातून वर आलेल्या असतात. त्यांना हात लावू नये.

दुसरी जागा बंधाऱ्याची. आपल्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे पावसाळ्याआधी काढलेले असतात, तरी पाणी वाढले की बंधारा बुडतो. त्यावरून पडणारे पाणी खाली गोल फिरत राहते. त्यात सापडलेला माणूस पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढला जातो, तिथे पोहण्याचा उपयोग होत नाही. मासा तिथे जमतो हे खरे, पण ती जागा पावसाळ्यात वर्ज्यच समजावी.

खरे तर जोराच्या प्रवाहात मासाही थांबत नाही. तो दम घ्यायला काठालगतच्या संथ पाण्यात, ओढ्याच्या तोंडाशी, शेतात शिरलेल्या पाण्यात येतो. मग माणसाने मधल्या धारेत जायचे कारणच काय? काठापासून मागे उभे राहून गळ टाकावा. एकट्याने जाऊ नये, अंधार पडायच्या आत परतावे, दारू पिऊन तर मुळीच जाऊ नये. गमबूट घालू नयेत, पाणी भरले की ते पाय उचलू देत नाहीत. दोरी मनगटाला बांधू नये. आणि गाभोळीने भरलेली मासळी दिसली तर सोडून द्यावी. पुढच्या वर्षीचा मासा तिच्याच पोटात असतो.

कोणी वाहून जाऊ लागला तर त्याच्यामागे उडी टाकू नये. लांब बांबू, दोर, झाकण लावलेला रिकामा कॅन, टायरची ट्यूब, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे फेकावे, आरडाओरडा करून खालच्या बाजूच्या माणसांना सावध करावे आणि ११२ नंबरला फोन लावावा. नदीवर जाताना एक दोर आणि एक रिकामा कॅन बरोबर नेला तर त्याचे ओझे होत नाही.

शेवटी मायबहिणींना एक विनंती. पोरे जाळे घेऊन निघाली की मसाला वाटायला घेण्याआधी त्यांना दोन प्रश्न विचारा. घाटात पाऊस आहे का, आणि धरणाचे दरवाजे उघडले आहेत का? दोन्ही उत्तरे फोनवर पाच मिनिटांत मिळतात. ती मिळेपर्यंत जाळे खुंटीलाच राहू द्या. कालवण एखाद्या दिवशी अंड्याचेही चालते.