ठसा आणि फटकारा
चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसला तेव्हा त्याच्याकडे तीनच ब्रश होते: दोन, सहा आणि दहा नंबरचे. सहा नंबरचं टोक दुभंगलेलं. ओठांत धरून ते सरळ करायचं, एवढीच काय ती देखभाल. कुठला ब्रश कसा वागेल, हे नखावर टेकवलं की कळायचं.

आता पन्नाशीकडे झुकलेल्या या चित्रकाराच्या हार्ड डिस्कवर ‘ब्रश’ नावाचं एक फोल्डर आहे. आत किती ब्रश आहेत, हे मोजणं त्याने कधीच सोडून दिलंय.

पसारा सुरू झाला २००२ नंतर. त्या वर्षी आलेल्या फोटोशॉप ७ मध्ये ब्रशचं इंजिन नव्याने घडवलेलं होतं. टोकाचा आकार, पोत, विखुरणं, पेनच्या दाबाप्रमाणे बदलणारी जाडी, सगळं आपल्या हातात. हौशी लोक आपले ब्रश बनवून फुकट वाटू लागले आणि हा ते वेचू लागला. एकेका एबीआर फाइलमध्ये डझनावारी ब्रश, नावं ‘सँपल्ड ब्रश १७’ छापाची. मांडणीवरचे सगळे डबे स्टीलचे आणि एकावरही चिठ्ठी नाही, अशी गत. हळद की तिखट, हे झाकण काढल्यावरच कळणार.

मग एबीआर-व्ह्यूअर नावाचा एक छोटा, मोफत प्रोग्रॅम सापडला. फाइल दाखवली की आतली सगळी टोकं तो चित्ररूपात समोर मांडायचा. हवं ते टोक पीएनजी करून बाहेरही काढता यायचं. पहिल्या रात्री तो नुसता बघतच बसला. त्या आठवड्यात काढायचं मुखपृष्ठ मात्र तसंच राहिलं.

खोट पुढे लक्षात आली. तिथे दिसायचा तो ठसा. चित्राला हवा असतो फटकारा. डिजिटल ब्रश म्हणजे एकच ठसा भराभर, ठरावीक अंतराने उमटवत जाणं. हे अंतर ब्रशच्या व्यासाच्या टक्क्यांत मोजतात. ते पाच टक्के ठेवलं तर सलग रेघ, दोनशे केलं की सुटे ठिपके. पानाचा ठसा फिरवत विखुरला तर झाड होतं, नाहीतर नुसतं तोरण. खिडकीत डागासारखं दिसलेलं टोक हातात घेतल्यावर झकास कोळसा निघायचं, आणि देखणं टोक रेघ ओढली की चिखल.

क्रिटा नावाच्या दुसऱ्या चित्रकला-प्रोग्रॅममध्ये त्याला हे कोडं निम्मं सुटलेलं दिसलं. तिथली ब्रशची केपीपी फाइल मुळात पीएनजी चित्रच असते. सगळ्या सेटिंग्ज त्या चित्राच्या पोटात. शिवाय एका ब्रशला हवे तितके टॅग. (फोटोशॉपने ब्रशांसाठी फोल्डर दिले ते २०१७ च्या अखेरीस.) त्याने आधी ‘शाई’, ‘पोत’, ‘केस’ असे शहाणे टॅग लावले. महिनाभरात त्यांची जागा ‘भिजलेलं कौल’ आणि ‘एसटीचा धूर’ यांनी घेतली. शोधताना हेच आठवतं, त्याला काय करणार!

२०१७ मध्येच ऑस्लोच्या मुंक संग्रहालयात जपलेल्या चित्रकार एडवर्ड मुंकच्या खऱ्या ब्रशांवरून कायल वेब्स्टर या ब्रश बनवणाऱ्या चित्रकाराने डिजिटल ब्रश तयार केले. तेही याने उतरवून घेतले. एका संध्याकाळी त्या ब्रशांनी आभाळ रंगवलं, पुन्हा हात लावला नाही. काढून टाकायचा धीरही होत नाही.

क्रिटात ब्रशचं छोटं चित्र स्वतः काढता येतं. म्हणून आता तो नवा ब्रश आला की त्याने ‘श्री’ लिहितो आणि तेच चित्र त्याला चिकटवतो. उभा दांडा, वळण, वेलांटी, सगळी परीक्षा एका अक्षरात. ब्रश निवडायची खिडकी उघडली की वहीचं पहिलं पान उघडल्यासारखं ‘श्री’च ‘श्री’ दिसतात.

वरच्या रांगेत ‘सहा नंबर’ आहे. जुना ब्रश डब्यात सापडला. त्याचं टोक शाईत बुडवून कागदावर टेकवलं आणि ठसा स्कॅन केला. अजून तो नीट जमलेला नाही. याची रेघ डावीकडे वळताना फाटते. जुना उजवीकडे फाटायचा.