घराचा चाळिसावा हिस्सा

मोठ्या सुपरमार्केटात सामान स्वस्त मिळते, हे आधी मोकळेपणाने मान्य करावे. 2002 मध्ये पवईत डीमार्टचे पहिले दुकान उघडले आणि पुढच्या वीस वर्षांत मुंबईतल्या कितीतरी घरांची महिन्याची यादी वाण्याच्या वहीतून ट्रॉलीत गेली. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते, त्यापोटी मिळालेली सूट गिऱ्हाइकाच्या बिलात उतरवलेली. हा हिशेब सरळ आहे, त्यात लबाडी नाही. घोडपदेवच्या गल्लीतला वाणी डीलरकडून दोन-चार पेट्या उचलतो. त्याने त्या भावाशी टक्कर घ्यावी तरी कशी? पण या स्वस्ताईच्या हिशेबात एक रकाना कोरा राहतो. दहा किलोची पिशवी, पाच लिटरचा डबा, एकावर एक फुकट आलेली पाकिटे घरी नेऊन ठेवायची कुठे, आणि त्या जागेचे मोल कोणी भरायचे?

बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. गिरण्यांच्या जमिनीवर म्हाडाने कामगारांसाठी बांधलेली घरे 225 चौरस फुटांची. घोडपदेवला न्यू हिंद मिलच्या जागेवर अशीच वसाहत उभी आहे. महिन्याच्या सामानाने दोन फूट लांब आणि दोन फूट रुंद एवढा कोपरा अडवला, तर चार चौरस फूट गेले. 160 मधले चार म्हणजे घराचा चाळिसावा हिस्सा. तो कोपरा काही रिकामा नसतो. तिथे अंथरुणांची वळकटी असते, पोरांची दप्तरे असतात, पाण्याचे पिंप असते. म्हणून या घरांनी आपले कोठीघर उंबऱ्याबाहेर, वाण्याच्या दुकानात ठेवले. पाव किलो तूरडाळ, दहा रुपयांचे जिरे, सकाळच्या पोह्यांपुरते शेंगदाणे. काट्यावर आकडा पुरा होईपर्यंत चिमटीने सोडलेले जिरे, चौकोनी कागदाची बांधलेली पुडी, तिच्यावर दोऱ्याचे दोन-तीन वेढे आणि झटक्यात तोडलेले टोक. या पावशेराला किलोमागे चार पैसे जास्त पडतात खरे. ते कोठीघराचे भाडे आहे, आणि या शहरातल्या कुठल्याही भाड्यापेक्षा ते कमी आहे.

यावर कोणी लालबागकडे बोट दाखवील. एप्रिल-मे उजाडला की मिरची गल्लीत बायकांची झुंबड उडते. रंगाला बेडगी, झणझणीतपणाला लवंगी, देठ खुडून, उन्हात कडकडीत वाळवून, धणे-दगडफूल भाजून, सगळे डंखावर कुटून वर्षाची बेगमी होते. मग चाळीतली बाईसुद्धा घाऊकच खरेदी करत आली की! करत आली, पण वर्षाचा मसाला एक-दोन बरण्यांत मावतो आणि फळीवर बसतो. त्याहून मोठी गोष्ट ही, की साठा कशाचा करायचा हे ती स्वतः ठरवते. सुपरमार्केटात पुष्कळदा ते सवलतीचा फलक ठरवतो.

जागेसारखीच पैशाची वेळही मोजायला हवी. ट्रॉली भरायला महिन्याचा पैसा एकदम हातात लागतो. रोजंदारीवर, कंत्राटावर, टॅक्सीच्या फेऱ्यांवर चालणाऱ्या घरात तो थेंबाथेंबाने येतो आणि मधली दरी वाण्याची वही भरून काढते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या काळात गिरणगावातल्या कितीतरी चुली उधारीच्या धान्यावर पेटल्या. संप लांबला तसे दुकानदारांचेही हात आखडले, हेही खरे आहे; त्यांचीही देणी थकली होती. पण सुरुवातीचे जे काही महिने निघाले, ते माणसाची ओळख हेच तारण मानल्यामुळे.

त्या ओळखीलाच असणारा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. वाण्याला कोणाच्या घरी काय शिजते ते ठाऊक असते, कोणाचे खाते तुंबले तेही, आणि चार माणसांत तो बोलूनही दाखवतो. उधारी असली की डाळीतल्या खड्यांबद्दल तक्रार करता येत नाही. मोठ्या दुकानात बाई पाकीट उचलते, तारीख वाचते, नको तर परत ठेवते. कोणी विचारत नाही. हे स्वातंत्र्य किरकोळ समजू नये. मात्र ते केवळ मोठ्या भांडवलाच्याच दुकानात मिळते असे नाही. 1948 मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत ‘अपना बाजार’ सुरू झाला तो चोख वजन आणि वाजवी भाव यांसाठीच. दुकान सहकारी होते, सभासद आसपासचेच. 1968 मध्ये तिथेच त्याचे मोठे डिपार्टमेंट स्टोअर झाले. तेव्हा आकाराशी माझे भांडण नाही. दुकान पायी जाण्याच्या अंतरावर असावे, थोडे मागणाऱ्याला तिथे थोडे मिळावे आणि त्याच्या कारभारात वस्तीला शब्द असावा, एवढेच म्हणणे आहे.

चाळी जातील, टॉवर येतील, मग वाण्याची गरज कोणाला, असेही विचारले जाते. बीडीडीच्या पुनर्विकासात 500 चौरस फुटांचे घर मिळते. तिथे कोठीला जागा निघेल. पण दहा मिनिटांत कोथिंबिरीची जुडी पोचवणाऱ्या कंपन्या याच टॉवरांच्या जिवावर वाढत आहेत. लागेल तेव्हा, लागेल तेवढेच, ही गरज ऐसपैस घरातही सरलेली नाही. त्या सेवेत वही मात्र नाही, आणि फोन हाताळता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ती सेवा नसल्यातच जमा. म्हणून घोडपदेवच्या रहिवाशांनी पुनर्विकासाच्या करारावर सह्या करताना वाहनतळाइतक्याच आग्रहाने तळमजल्याचा नकाशा मागावा, रस्त्याकडे तोंड असलेले छोटे गाळे त्यात किती आहेत ते मोजावे आणि देखभालीचा आकार जुन्या दुकानदाराला झेपेल एवढाच ठरतो आहे ना, हे करारातच लिहून घ्यावे.