सौताड्याची दरी आणि चार नद्यांचा तालुका

बीड म्हटलं की दुष्काळ, टँकर आणि ऊसतोड, एवढंच आपल्या डोक्यात बसलेलं. पण पाटोदा तालुक्यातलं सौताडा पाहिलंय का कधी? मी पाहिलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलोय!

बीडहून जामखेडकडे जाताना नुसता माळ लागतो. ज्वारीची रानं, बाभळी, दगडाचे बांध. डोंगर कुठे दिसत नाही, कारण आपण डोंगराच्या माथ्यावरूनच चाललेलो असतो. बालाघाट असाच आहे, सुळक्यांचा नव्हे तर पठारांचा डोंगर. आणि सौताड्याला त्या पठाराचा तळच सुटतो! आदल्या दिवसापर्यंत पाऊस झालेला, त्यामुळे विंचरणा नदी भरात होती. रानातून गुमान येते आणि एकाएकी दोनशे फुटांच्या आसपास सरळ खाली कोसळते. मी कितीतरी वेळ कडेपासून हललोच नाही.

पायऱ्या उतरून दरीत गेलं की रामेश्वराचं देऊळ. श्रावणात आणि महाशिवरात्रीला इथे रीघ लागते. दर्शन झालं की मान वर करून तो कातळ नीट बघा. काळ्या दगडाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला, थिजला, त्याचे हे थर. काही कठीण, काही ठिसूळ. पाणी ठिसूळ थर कोरत जातं, वर कठीण दगडाचं छप्पर तेवढं राहतं, मग एक दिवस तेही तुटून खाली येतं. खालचे ते प्रचंड धोंडे असेच आलेले. म्हणजे धबधबा कणाकणाने मागे सरकतोय आणि त्याने मागे टाकलेली वाट म्हणजे ही दरी! हे उमगलं तेव्हा अंगावर काटाच आला.

पण खरा धक्का घरी येऊन नकाशा उघडल्यावर बसला. घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस दोन्ही पाख्यांवरून उतरतो, तसा हा तालुका आहे. मांजरा पाटोद्याच्याच डोंगरात उगम पावते, पूर्वेला निघते, धनेगावच्या धरणात थांबते, लातूरची तहान भागवते आणि थेट तेलंगणात कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. सिंदफणा निघते चिंचोलीच्या डोंगरातून. त्याच चिंचोलीला गहिनीनाथगड आहे, निवृत्तिनाथांच्या गुरूंचं स्थान. ही सिंदफणा उत्तरेला उतरते, वाटेत याच तालुक्यातून निघून बीड शहरातून आलेल्या बिंदुसरेला घेते आणि माजलगावच्या पुढे तीही गोदावरीलाच जाते. आणि आपली विंचरणा? ती पाठ फिरवून दक्षिणेला जाते! जामखेडवरून सीना, सीनेतून भीमा, भीमेतून कृष्णा. सीना-भीमेचा संगम कुठे, तर हत्तरसंग कुडलला, जिथे 1018 सालचा मराठी शिलालेख आहे. वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पावसाचा हा अवर्षणप्रवण मुलूख गोदावरी आणि कृष्णा या दोघींनाही पाणी पुरवतो. मला शाळेत हे कुणी का सांगितलं नाही?

माणसांचा इतिहासही या कडेवरूनच गेलेला. पाटोदा निजामाच्या राज्यात आणि हाकेच्या अंतरावरचं जामखेड इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात. विंचरणेचं पाणी सौताड्याला निजामाचं असायचं, जामखेडला पोचेपर्यंत इंग्रजांचं. सप्टेंबर 1948 मधल्या पोलीस कारवाईने निजामाची सत्ता संपली. त्याआधी 1795 च्या मार्चमध्ये मराठे आणि निजाम खर्ड्याला भिडले, तेही इथून जवळच. अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव चौंडीही याच जामखेड तालुक्यातलं.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. दसरा-दिवाळी झाली की या डोंगरातली गावं रिकामी होऊ लागतात. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. अशा जोड्या बिऱ्हाड घेऊन भीमेच्या, कृष्णेच्या खोऱ्यातल्या साखर कारखान्यांवर जातात. विंचरणेचं पाणी ज्या दिशेला जातं, त्याच दिशेला! माणसं थांबवायची तर आधी पाणी थांबवायला हवं. आणि पाणी अडवायला जागा हवी तर ती इथेच आहे, या माथ्यावर. नाला बांध, गावतळी, शेततळी यांवर इथे जेवढा खर्च होईल तो थोडाच, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा यंदा धबधबा बघायला दूर कुठे जाऊ नका, सौताड्याला या. चांगला पाऊस होऊन गेल्यावर या, उन्हाळ्यात नुसता कातळ दिसेल. ओल्या शेवाळावर पाय जपून टाका आणि फोटोसाठी कड्याच्या टोकाला अजिबात जाऊ नका. वेळ असेल तर तालुक्यातच नायगावचं मयूर अभयारण्य आहे, 1994 साली जाहीर झालेलं, तेही बघून घ्या. येताना जिल्ह्याचा नकाशा मात्र सोबत आणा.