आमची द्रोणी

दुखण्याच्या दोन जाती असतात. एक पाहुण्याप्रमाणें येतें. घरची मंडळी त्याची विचारपूस करतात, पथ्याचा मऊ भात शिजतो, आणि आठ दिवसांनीं तें आपल्या वाटेनें निघून जातें. दुसरें मात्र आश्रिताप्रमाणें घरांत राहावयास येतें. आरंभीं महिनाभर त्याची वास्तपुस्त होते. पुढें तें सर्वांच्या इतकें अंगवळणीं पडतें कीं, तें आहे याचीच कोणास आठवण राहत नाहीं. आमच्या कंबरेचें दुखणें या दुसऱ्या जातीचें आहे. बारा वर्षांपूर्वीं डॉक्टरांनीं त्यास 'मणक्यांची झीज' असें नांव दिलें, आणि नांव मिळाल्यावर त्याविषयीं बोलण्यासारखें घरांत कांहीं उरलें नाहीं.

तेलें झालीं, लेप झाले, पट्टा झाला. गोळ्यांनीं कंबरेस आराम पडे, पण पोट तक्रार करी. व्यायाम शिकविला होता. परंतु पहाटे उठतांना कंबर इतकी ताठलेली असे कीं, व्यायामास आरंभ करण्यासाठींच आधीं कांहीं उपचार हवा, असें वाटे. अशा स्थितींत दोन वर्षांपूर्वींच्या हिंवाळ्यांत आम्ही सहकुटुंब वज्रेश्वरीस गेलों. ठाणें जिल्ह्यांत तानसा नदीच्या परिसरांत वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथें ऊन पाण्याचीं कुंडें आहेत, हें बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. अकलोलीच्या कुंडांत आम्ही कांहीं वेळ बसलों, आणि बाहेर येतांना पुतण्याचा हात न धरतां पायऱ्या चढलों. वर आल्यावर ही गोष्ट आमच्या ध्यानांत आली. गुण पाण्यांतील क्षारांचा, उष्णतेचा कीं देवीचा, याचा ऊहापोह परतीच्या प्रवासांत पुष्कळ झाला. पुतण्या इंजिनियर असल्यामुळें त्यानें उष्णतेचा पक्ष घेतला, व "देवीला घरीं आणतां येणार नाहीं, पण ऊन पाणी आणतां येईल," असें म्हणून वाद मिटविला.

त्याचें म्हणणें निराधार नव्हतें. ऊन पाण्यानें रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि आंखडलेले स्नायु सैल पडतात. शिवाय पाणी शरीरास उचलून धरतें. मानेपर्यंत पाण्यांत असलेल्या माणसाच्या सांध्यांवर त्याच्या वजनाचा जेमतेम एक दशांश भार राहतो. आपल्या पूर्वजांसहि ही गोष्ट अज्ञात नव्हती. चरकसंहितेंत स्वेदाचे जे १३ प्रकार सांगितले आहेत, त्यांत अवगाह, म्हणजे ऊन द्रवानें भरलेल्या पात्रांत बसणें, हा एक आहे.

पुतण्यानें जो टब आणावयाचा ठरविला, त्याच्या भिंतींतून पाण्याचे झोत सुटतात. त्याला लोक जाकुझी म्हणतात. आम्हीं तें कांहीं यंत्राचें नांव असावें असें समजत होतों. वस्तुतः तें एका एकत्र कुटुंबाचें आडनांव आहे! उत्तर इटलींतून अमेरिकेंत गेलेले हे सात भाऊ कॅलिफोर्नियांत प्रथम विमानांचे पंखे व मग विमानें बनवीत. १९२१ मध्यें त्यांच्या एका विमानास अपघात होऊन एक भाऊ दगावला, तेव्हां घरांतील वडील माणसांच्या इच्छेस मान देऊन त्यांनीं तो धंदा सोडला आणि पुढें पाण्याचे पंप बनविण्यास आरंभ केला. धाकटा भाऊ कँडिडो याच्या मुलास अगदीं लहान वयांत सांध्यांचा दाहक विकार जडला. रुग्णालयांत खळाळत्या ऊन पाण्यांत बसविलें म्हणजे पोराला बरें वाटे. पण तें सुख रोज कोठून मिळणार? म्हणून १९४८ च्या सुमारास बापानें घरच्या टबांत सोडतां येईल असा एक पंप तयार केला. १९५६ मध्यें असे पंप इतरांसाठींहि विकावयास निघाले, आणि १९६८ मध्यें त्याच घराण्याच्या तिसऱ्या पिढींतील रॉय यानें झोत टबाच्या भिंतींतच बसविले. आज ज्या वस्तूकडे लोक चैन म्हणून पाहतात, तिचा जन्म एका लेकराच्या कण्हण्यांतून झाला आहे. हें ऐकल्यावर आमच्या मनांतील संकोच निम्मा ओसरला.

उरलेला निम्मा घरांत होता. आमच्या टबांत सुमारें ३०० लिटर पाणी मावतें. पुण्यांत उन्हाळ्यांत पाण्याची कपात होते, तेव्हां बालद्या मोजून भराव्या लागतात. अशा घरांत एका माणसाच्या कंबरेसाठीं एवढें पाणी? एवढें पाणी २५ अंशांवरून ३९ अंशांवर नेण्यास सुमारें ५ युनिट वीज लागते, हा हिशेबहि कोणी तरी मांडला. सौ.नीं खर्चाचा आंकडा विचारला व ऐकून गप्प बसल्या. शेवटीं असें ठरलें कीं, टब तळमजल्याच्या न्हाणीघरांतच बसवावा, म्हणजे एवढें वजन वरच्या मजल्यावर नको. पाणी शक्य तों गच्चीवरील सूर्यबंबाचें घ्यावें. आंठवड्यांतून तीनदांच भरावा. आणि वापरलेलें पाणी फरशीस व संडासांत घालावें. नातीनें त्याचें नांव 'आजोबांची कढई' असें ठेवलें. आम्हीं त्यास 'द्रोणी' हें संस्कृत नांव देऊन प्रतिष्ठा आणण्याचा प्रयत्न केला, पण घरांत नांव चाललें तें कढईचेंच.

द्रोणीनें आम्हांस बरें केलें काय? नाहीं. झिजलेला मणका पाण्यांत बसून भरून येत नाहीं. परंतु पंधरा मिनिटें बसल्यावर पुढचे दोन तास कंबर ऐकूं लागते, आणि त्या दोन तासांत शिकविलेले व्यायाम करतां येतात. खरा लाभ त्या व्यायामांचा. ऊन पाणी हें त्यांचें दार उघडून देतें. आरंभीं लोभानें आम्ही अर्धा तास बसलों आणि एकदम उठलों, तों डोळ्यांपुढें अंधारी आली. तेव्हांपासून उष्णमान ३९ अंशांपलीकडे न्यावयाचें नाहीं, जेवल्यावर उतरावयाचें नाहीं, दाराची कडी लावावयाची नाहीं आणि उठतांना कठडा धरून सावकाश उठावयाचें, असा नियम झाला. ज्यांस हृदयविकार वा रक्तदाब आहे, किंवा मधुमेहामुळें ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून या वाटेस जाऊं नये.

हें सर्व लिहिण्याचें कारण मात्र निराळेंच आहे.

मागील माघांत एके सकाळीं आम्ही द्रोणींतून उठून खोलींत आलों व चष्मा विसरला म्हणून परत गेलों. न्हाणीघराचें दार लोटलेलें होतें. आंत आमच्या वहिनी द्रोणीच्या कांठावर बसल्या होत्या. लुगडें गुडघ्यांपर्यंत सावरलेलें, आणि दोन्ही पाय आम्हीं नुकत्याच सोडलेल्या पाण्यांत. आमच्या घरांत एकाच्या आंघोळीचें पाणी दुसरा शिवत नाहीं, आणि हा दंडक आम्हांस लहानपणीं ज्यांनीं शिकविला त्यांत वहिनीच प्रमुख होत्या. आम्हांस पाहतांच त्या गडबडल्या. पाय काढून घेऊं लागल्या. पण त्यांना एकदम उठतां येईना.

"फेंकावयाचेंच पाणी होतें, म्हणून म्हटलें..." त्या म्हणाल्या.

"वहिनी, गुडघे दुखतात?"

"दुखतात बाई थोडे."

"केव्हांपासून?"

त्यांनीं आठवून पाहिलें. "तुमचे भाऊ होते तेव्हांपासून." थोरले बंधू जाऊन सतरा वर्षें झालीं.

"मग कधीं बोललां कां नाहीं?"

त्या हंसल्या. "भावजी, तुमचें तें दुखणें, आमचें तें वय."

त्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. या घरांत अकरा माणसें होतीं तेव्हां पहाटे साडेचारास उठून तांब्याचा बंब पेटविणें हें वहिनींचें काम होतें. आधीं वडील, मग पुरुष मंडळी, मग शाळेचीं मुलें, मग बाकीच्या बायका. आणि शेवटीं बंबांत जें कोमट उरेल तें वहिनींचें. तीस वर्षें त्यांनीं आम्हांस कढत पाणी दिलें. त्यांच्या वांट्यास तें किती ऊन येतें, हें विचारण्याचें आमच्यापैकीं कोणास कधीं सुचलें नाहीं. आमच्या कंबरेसाठीं घरांत चर्चा झाली, हिशेब झाले, यंत्र आलें. वहिनींच्या गुडघ्यांसाठीं साधी क्ष-किरणांची तसबीर निघाली नव्हती.

ती त्याच आंठवड्यांत निघाली. डॉक्टर म्हणाले, झीज आमच्याहून अधिक आहे. रक्तदाबाचा विचार करून त्यांनीं ३७ अंशांचें पाणी आणि दहा मिनिटें एवढीच परवानगी दिली. पुतण्यानें एक पायरी व आणखी एक कठडा बसविला. वहिनींनीं प्रथम साफ नकार दिला. म्हातारपणीं हे थेर कशाला, म्हणाल्या. तेव्हां सौ.नीं त्यांस सांगितलें, "तुम्ही न बसाल तर मलाहि उद्यां बसतां यावयाचें नाहीं." या एका वाक्यानें काम झालें, आणि सौ.च्याहि कांहीं सांगावयाच्या राहून गेलेल्या गोष्टी असाव्यात, हें आमच्या ध्यानांत आलें.

आतां भिंतीवरील दिनदर्शिकेवर सोमवार, बुधवार व शुक्रवार या वारांपुढें वहिनींचें नांव आहे. त्यांचें पाणी पहिलें व ताजें. त्या दिवशीं आमचें पाणी नंतर नव्यानें ऊन होतें, किंवा होत नाहीं. वहिनींचे गुडघे बरे झालेले नाहींत. पण बाहेर आल्यावर देवघराची पायरी त्या एका दमांत चढतात, आणि दुखलें तर 'दुखतें' असें म्हणतात. हा दुसरा गुण आम्ही पहिल्याहून मोठा मानतों.

द्रोणी प्रत्येक घरांत येणार नाहीं, आणि यावयास हवी असेंहि नाहीं. घंगाळभर ऊन पाण्यांत पाय सोडून बसण्यासहि पैसा पडत नाहीं. आमची वाचकांस विनंति एवढीच कीं, आपल्या घरांत सर्वांत शेवटीं आंघोळीस कोण जातें, आणि त्या वेळीं पाणी किती ऊन असतें, हें एकदां स्वतः हात घालून पाहावें.