सनदेबाहेरचा दुष्काळ

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर घातलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल, ही दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दीतली कामे पाहण्यास येणारे प्रवासी बहुधा नर-मादी धबधब्यांच्या ओढीने पावसाळ्यात येतात, आणि या मुलखाची खरी प्रकृती ज्या चैत्र-वैशाखात कळते त्या दिवसांत इकडे फिरकत नाहीत. उपग्रहांनी टिपलेल्या प्रतिमांवरून भूमी, पीक व पाणी यांचा अदमास बांधण्याच्या शास्त्रात माझी हयात गेली. आणि राष्ट्राराष्ट्रांनी ही माहिती एकमेकांस द्यावी की न द्यावी, या वादाकडे मी नेहमी आटलेल्या बोरीच्या काठावरूनच पाहत आलो.

भूमीची माहिती ही सत्तेची मालमत्ता, ही समजूत फार जुनी आहे. 1853 च्या तहान्वये निजामाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्गचा जिल्हाही कंपनी सरकारच्या हवाली केला, तेव्हा मेडोज टेलर येथे अंमलदार म्हणून आला आणि मोजणी-जमाबंदीच्या कामास लागला. 1860 मध्ये मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. मुलूख ज्याचा त्याचे दफ्तर, हा त्या काळचा सरळ न्याय. उपग्रहांनी तो मोडला, कारण दुसऱ्याच्या शिवारात पाऊल न टाकता त्याच्या पिकाची पाहणी करणे आता शक्य झाले. आमच्या भूमीची चित्रे आमच्या संमतीवाचून इतरांस देऊ नयेत, असा आग्रह अनेक विकसनशील राष्ट्रांनी धरला होता. परंतु 3 डिसेंबर 1986 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने जी तत्त्वे मंजूर केली त्यांत, ज्याची भूमी पाहिली गेली त्या राष्ट्रास ती माहिती भेदभावावाचून व वाजवी मोबदल्यात मिळावी, एवढेच त्यांच्या पदरात पडले.

वाजवी म्हणजे किती, हा प्रश्न उरलाच. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेचा पहिला उपग्रह 23 जुलै 1972 रोजी, म्हणजे महाराष्ट्र त्या भीषण दुष्काळात होरपळत असतानाच, कक्षेत गेला. पण पुढील अनेक वर्षे त्या मालिकेच्या एकेका चित्रास शेकडो डॉलर मोजावे लागत, आणि दुष्काळाचा अभ्यास करू पाहणाऱ्यास एका चित्राने काय होणार? त्याला ओल्या वर्षांशी कोरडी वर्षे ताडून पाहायची असतात. 2008 मध्ये अमेरिकेने हे सारे भांडार विनामूल्य खुले केले. त्यापूर्वीच्या उत्तमातल्या उत्तम वर्षी सुमारे 25 हजार चित्रे विकली गेली होती. खुले झाल्यावर वर्षभरात दहा लाखांवर चित्रे लोकांनी उतरवून घेतली. किमतीने किती प्रश्न विचारलेच जाऊ दिले नव्हते, याचा याहून बोलका पुरावा मला ठाऊक नाही.

आंतरराष्ट्रीय सहकार्याचे गोडवे गाताना मात्र सहसा दुसरेच उदाहरण दिले जाते. 1999 च्या व्हिएन्ना परिषदेनंतर युरोपीय व फ्रेंच अंतराळ संस्थांनी पुढाकार घेऊन मोठ्या आपत्तींसाठी एक सनद केली. 2001 मध्ये इस्रोही तीत सामील झाली. कोठे महापूर आला वा भूकंप झाला की सभासद संस्था आपापल्या उपग्रहांची चित्रे विनामूल्य पुरवितात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात सुमारे दहा हजार माणसे गाडली गेली, तेव्हा अशी सोय नव्हती, हे आठवले म्हणजे तिचे मोल कळते. परंतु याच सनदेने दुष्काळाला स्पष्टपणे बाहेर ठेवले आहे. तिचे तर्कशास्त्र मला मान्य आहे. जी आपत्ती महिनोन्‌महिने रांगत येते तिला तातडीची हाक कोणत्या दिवशी द्यावी? तरीही आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाने ध्यानात ठेवावे की त्याचे नित्याचे दुःख त्या सनदेत बसत नाही. त्याच्या उपयोगाचे आहे ते संकटकाळचे औदार्य नव्हे, बारमाही खुले दफ्तर.

ते दफ्तर आता चांगलेच भरले आहे. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रे कोणासही मिळतात. भारताने मात्र बराच काळ हात आखडता घेतला होता. 2023 च्या अंतराळ धोरणाने पाच मीटर व त्याहून स्थूल तपशिलाची सरकारी उपग्रहांची माहिती मुक्त केली. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेला निसार हा इस्रो व नासा यांचा संयुक्त उपग्रह ढगांआडूनही पाहतो, बारा दिवसांनी त्याच मार्गावर परततो, आणि त्याचीही माहिती खुली ठेवण्याचे उभयपक्षी ठरले आहे.

येथे माझी एक तक्रार आहे, ती परक्यांविषयी नाही. पूर्वी दुष्काळ पैसेवारीवर ठरे. 2016 च्या केंद्रीय संहितेपासून उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवाई आणि जमिनीतली ओलही त्या निर्णयात मोजली जाते. हिरवाईचा आकडा मात्र स्वतःहून काही सांगत नाही. शिवारात तूर उभी आहे, ऊस आहे की नुसती वेडी बाभूळ, हे जमिनीवरच्या नोंदीशी ताडल्यावाचून त्याचा निवाडा होत नाही. महसूल मंडळाचा पर्जन्यमापक, निरीक्षण विहिरींची पातळी, पीक कापणी प्रयोगांचे कागद, हे सारे आपल्याकडे आहे. पण ते अभ्यासकास सलग, गाववार व वापरता येईल अशा रूपात मिळविताना कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. जगाकडून आकाशातले चित्र फुकट घ्यावे आणि आपल्या विहिरीचा आकडा मात्र कपाटात ठेवावा, हा व्यवहार मला न्यायाचा वाटत नाही.

शासन या नोंदी खुल्या करील तेव्हा करो. तोवर तुळजापूर, उमरगा, लोहारा या तालुक्यांतील ज्या शिक्षकांना व शेतकऱ्यांना शक्य असेल त्यांनी आपल्या एका विहिरीची पातळी आणि अंगणातला पाऊस वहीत तारखेनिशी उतरवावा, आणि मागेल त्याला ती वही दाखवावी.