घाटावरची

इगतपुरीत ‘घाट’ हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. घाटात धुकं आहे, घाटात ट्रक बंद पडलाय, गाडी अजून घाटातच आहे. मुंबईत नोकरीला गेले आणि त्याला ‘ई’ चिकटली. डब्यातला ठेचा बघून एक सहकारी म्हणाला, “शेवटी घाटीच ना तू!” सगळे हसले. मी मात्र त्या शब्दाच्या मागे लागले.

त्याचं मूळ संस्कृत ‘घट्ट’. नदीत उतरायची जागा म्हणजे घाट. नाशिकला गोदावरीवर आपण याच अर्थाने घाटावर जातो. डोंगरातही घाट म्हणजे डोंगर नव्हे, तो ओलांडायची वाट: नाणेघाट, बोरघाट, थळ घाट. पाणी असो की कडा, जिथून पलीकडे जाता येतं तो घाट. युरोपियनांनी वाटेचं हे नाव अख्ख्या डोंगररांगेला दिलं. २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आपला सह्याद्री गेला, तोही ‘पश्चिम घाट’ म्हणूनच.

थळ घाट म्हणजे आमचा कसारा घाट. १८६५ साली रेल्वे तो चढून इगतपुरीला पोचली. चढ इतका खडा, की ३७ फूट पुढे गेलं की गाडी एक फूट वर येते. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. माथ्यावर घाटनदेवीचं देऊळ आहे. तिच्या नावातही घाट आहेच, पण तिला कुणी हिणवत नाही.

मग आम्हालाच का? मुंबई-कोकणातून बघितलं तर आम्ही घाटावरचे, म्हणून घाटी. एवढाच साधा पत्ता. पण साताऱ्या-पुण्याकडची माणसं गिरण्यांत, गोदीत, बाजारात ओझी वाहायला उतरली. त्यांच्या कामाला हलकं मानणाऱ्यांनी शब्दही हलका केला. गोव्यातही घाटापलीकडून आलेल्या मजुराला हेच ऐकावं लागतं. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला, त्यांच्या मजुरीला संरक्षण मिळालं. बोलण्यातला तुच्छपणा कायद्याने जात नाही.

मला कुणी घाटी म्हटलं, तर मी आता अर्थ सांगते: घाट उतरून आलेली. पण व्युत्पत्तीचं हे समाधान माझ्यासारख्या डबा घेऊन एसीत बसणाऱ्यांचं. डोक्यावर गोणी असताना “ए घाटी, सरक” ऐकणाऱ्याला ‘घट्ट’ शब्दाशी काय देणंघेणं? त्याला नावाने हाक मारा. नाव ठाऊक नसेल, तर ‘दादा’ म्हणा.